मागणी करणाऱ्या बाई

नाशिक रोडला आमच्या कॉलनीजवळ एका बाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. बारशाचा बॅनर करायला गेलो, तर त्या लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमवर काम करत होत्या. डिझाइनचं मोठं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही आणि ते ज्यावर चालतं त्या महागड्या सिस्टिमची चोरीची कॉपी बाईंना चालत नाही. ओढणीने कीबोर्ड पुसत त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअरवाली कंपनी म्हणते, लिनक्सवर मागणीच नाही. तुम्ही टाका ना एक मेल."

मी घरी जाऊन खरंच टाकला. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' ते नेऊन दाखवलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचलं.

"मलाही दर वेळी हेच येतं. बाकीची गिऱ्हाइकं नुसतं हो म्हणतात," त्या खुशीत म्हणाल्या. "आता आपण दोघं झालो."