डोकं छाटलेला ऐन

"शब्दाला गाव असतं," असं म्हणत आमचे इंग्रजीचे सर बोटांवरचा खडू झटकायचे, आणि मग त्या शब्दाच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू व्हायची. सिल्वासातल्या त्या शाळेत मी गणित शिकवायचो. माझ्या तासाची घंटा झाली तरी सरांचा शब्द काही गावाला पोचलेला नसायचा. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. वैताग आणतात आणि आवडतातही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. श्रावणात एका धड्यात 'पोलार्ड' हा शब्द आला. सर म्हणाले, पोल म्हणजे डोकं. मतदानात डोकी मोजतात, तोच हा पोल. नव्या फांद्या फुटाव्यात म्हणून डोकं छाटलेलं झाड, ते पोलार्ड. खानवेलहून बसने येणारी, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली.

"माझा बापूस ऐन असाच तोडतो, राबाला. झाड मरत नाय."

ऐन हे तिकडच्या रानातलं झाड, आणि राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या जाळून जमीन भाजणं. सर हरखलेच. रविवारी मलाही ओढत तिच्या घरी घेऊन गेले आणि तिच्या बापाला म्हणाले, जरा चढून दाखवता का? फांद्या हिवाळ्यात तोडतात, आता खोड बुळबुळीत आहे, असं त्याने हसत सांगितलंही. पण मुलीच्या गुरुजींना नाही कसं म्हणायचं? कमरेला कोयता खोचून तो चढला. वर पोचण्याआधीच पाय निसटून तो खाली पडला. सिल्वासाच्या वाटेवर, जीपमध्येच तो गेला.

मुलगी शाळेत परत आली नाही. सर दर रविवारी तिच्या घरी जायचे, अंगणात बसून यायचे. मुलीची आई त्यांना एकदाच म्हणाली, "पावसात तो कधी चढला नव्हता." हे सरांनीच मला सांगितलं. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

हिवाळ्यात राबाची तोड आली. घरात झाडावर चढणारं कुणी उरलं नव्हतं, आणि राब नाही तर पुढच्या वर्षी भात नाही. सरांनी बाजारातून कोयता घेतला. मीही सोबत गेलो. चपला काढून त्यांनी खोडाला मिठी मारली, पण हातभरसुद्धा वर सरकेनात. मुलीच्या आईने त्यांच्या हातातून कोयता काढून घेतला.

"सोड गुरजी. तुला नाय जमायचा."

ती चढली. मुलगी खाली पडलेल्या फांद्या ओढू लागली. सर दोन्ही हात पसरून झाडाखाली उभे राहिले, आणि ती बाई जमिनीवर उतरेपर्यंत त्यांनी ते हात खाली घेतले नाहीत.