मामांना नववं कलम मान्य नव्हतं

माझ्या बायकोचे मामा हा पुण्यात जन्मलेला सर्वांत हट्टी माणूस आहे. पुण्याबद्दल हे विधान करणं किती धाडसाचं आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण बाकीचे हट्टी लोक कधीतरी दमतात, मामा दमत नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी तीसेक वर्षं मुलांना फिटरकाम शिकवलं, आणि त्यांच्या मते जगातल्या निम्म्या दुःखांचं कारण एकच आहे: लोक माहितीपत्रक वाचत नाहीत. मामा वाचतात. मिक्सरचं वाचतात, थर्मामीटरचं वाचतात, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला तो मुंगीएवढ्या अक्षरातला कागद भिंग लावून वाचतात. बिबवेवाडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नवा कुकर आला त्या दिवशी घरात चार पाहुणे जेवायला आलेले, डाळ-तांदूळ धुऊन तयार, आणि मामा पान अकरावर. "शिटीच्या प्रकरणापर्यंत आलोय, धीर धरा," असं त्यांनी आतून कळवलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि ते घरी गेले.

मामी वऱ्हाडातल्या, अकोल्याकडच्या. लग्न होऊन त्या पुण्यात आल्या आणि त्यांच्या तोंडून "काहून?" निघालं की मामा चष्म्यावरून बघायचे. "'का' एवढ्यात भागत असताना पुढची दोन अक्षरं कशाला खर्च करायची?" मामीही काही कमी नव्हत्या. म्हणायच्या, "आमच्याकडं मानसं पोटभर बोलतेत जी. तुमच्यावानी मोजूनमापून नाई." हा सामना चाळीस वर्षं चालला. मग घरात एक छोटासा लॅपटॉप आला. मामी त्यावर मराठी टंकलेखन शिकल्या आणि रोज दुपारी आपल्या माहेरचे शब्द उतरवू लागल्या. शब्द, अर्थ, आणि तो कोणाच्या तोंडी असायचा तेही. "उलसाक: थोडंसं. आजी दूध मागताना म्हणायची." मामांनी पहिली दहा पानं वाचली आणि अभिप्राय दिला, "छान. आता चुकांची यादीही हाताशी आली."

गेल्या वर्षी मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठापर्यंत येऊन अडायचा. वाचा-उपचारासाठी घरी येणाऱ्या बाईंनी सांगितलं, की लहानपणचे, माहेरचे शब्द त्यांच्या कानावर पडू द्या. बोलणं परत यायचं तर बहुधा तिथूनच येईल. मामांनी लगेच लॅपटॉप उघडला. पडदा काळा. बॅटरी केव्हाच गेलेली, मधूनमधून वीज जाऊन येत होती, त्यात त्याची मूळ प्रणालीच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच, बिघडली होती.

मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. मी मोठ्या रुबाबात त्यातली फाइल काढली, ऑफिसच्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर नुसती चिन्हं आणि चौकोन. मामींनी ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टंकलेखन केलं होतं, ते नव्या संगणकांवर चालतच नाही. रूपांतर करून पाहिलं, तर साधे शब्द सुखरूप सुटले आणि नेमके वऱ्हाडी शब्द हातपाय मोडून पडले. म्हणजे त्याच लॅपटॉपवर तीच जुनी प्रणाली पुन्हा घालणं एवढाच मार्ग उरला. प्रणालीची सीडी मामांच्या कपाटात होती, बिलासकट. अडचण एकच होती. लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती.

"मामा, माझ्याकडे द्या, मी ऑफिसात करून आणतो," मी म्हणालो.

"जावईबापू, करून आणायला ते दळण आहे का? पायऱ्या सांगा."

मी पायऱ्या सांगितल्या. मामांनी त्या पाठकोऱ्या कागदावर क्रमांक घालून लिहून घेतल्या, सव्वीस झाल्या. पहिल्या खेपेला त्यांनी शेजाऱ्यांच्या संगणकावर सीडीतलं सगळं पेनड्राइव्हमध्ये उतरवलं. लॅपटॉपने ढुंकूनही पाहिलं नाही. नुसतं उतरवून चालत नाही, संगणक त्यावरून सुरू होईल असा तो पेनड्राइव्ह तयार करावा लागतो, असं मी सांगितलं, तेव्हा "हे सातव्या पायरीत यायला हवं होतं," म्हणून माझे गुण कापले गेले. दुसऱ्या खेपेला लॅपटॉप पेनड्राइव्हला विचारायच्या आधी स्वतःच्याच बिघडलेल्या पोटात शोधत बसला. तिसऱ्या खेपेला निम्म्यावर थांबला. चौथ्या खेपेला पेनड्राइव्हच गेला. मामा प्रत्येक वेळी पायरी एकपासून सुरू करत, आणि झालेल्या पायरीपुढे तांबड्या पेनने खूण करत. शेजारच्या पलंगावरून मामी हे सगळं बघत पडलेल्या असत. सहाव्या खेपेला पडदा निळा झाला आणि अक्षरं धावू लागली. मी टाळ्या वाजवल्या. मामांनी मला गप्प केलं, कारण पडद्यावर प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचा करारनामा आला होता.

तो करारनामा जगात आजवर कोणी वाचलेला नाही. लोक 'मान्य'ची कळ दाबतात आणि पुढे जातात. मामांनी वाचला. दोन दुपारी वाचला, शब्दकोश घेऊन, आणि नवव्या कलमापाशी थांबले. "माहिती नष्ट झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असं लिहिलंय. हे मला मान्य नाही."

"मामा, ते सगळ्यांनाच मान्य करावं लागतं."

"सगळ्यांनी न वाचता केलं. मी वाचलंय."

त्यांनी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं आणि उत्तर येईपर्यंत लॅपटॉप त्याच पानावर चालू ठेवला. वर रुमाल झाकला, स्वयंपाकघरात कोणी पाऊल वाजवलं तरी "यंत्र चालू आहे" म्हणून दटावलं. तिसऱ्या दिवशी मी हळूच कळीकडे बोट नेलं तर म्हणाले, "हात मागे. न पटलेल्यावर मी उभ्या आयुष्यात सही केलेली नाही." मला खरोखर संताप आला होता. इथे बाई मुकी पडली आहे आणि यांना कलमं सुचतात!

तेवढ्यात मामींनी डावा हात उचलून लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, घशातून आवाज निघाला, पण शब्द येईना. त्यांनी पुन्हा जोर केला. तिसऱ्यांदा केला, आणि मग तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. मामा बघत राहिले. मग उठले, चष्मा पुसला, रुमालाची घडी करून बाजूला ठेवली आणि कोणाकडेही न बघता कळ दाबली. "मान्य," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोललेले मामा मी तोवर ऐकले नव्हते.

संध्याकाळपर्यंत प्रणाली बसली, जुनं मराठी सॉफ्टवेअर बसलं, फाइल उघडली. मामा पलंगाजवळ स्टूल घेऊन बसले आणि वर्गात हजेरी घ्यावी तसे खणखणीत पुणेरी उच्चारात वाचू लागले. "आवतन: जेवणाचं बोलावणं." मामींनी तोंड त्यांच्याकडे वळवलं. "उलसाक," मामा म्हणाले, आणि त्या 'उलसाक'चा त्यांनी असा काही कडक इस्त्रीचा उच्चार केला की मामींच्या चेहऱ्याची एक बाजू हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्यांनी डावा हात हलवला: चूक, पुन्हा म्हणा. मामांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चूक. चाळीस वर्षं दुसऱ्याचे उच्चार तपासणारा हा माणूस पाच वेळा निमूटपणे चुकला, आणि मला तिथे बसवेना म्हणून मी गॅलरीत गेलो.

मामींचं बोलणं अजून परतलेलं नाही. एखादा सूर लागतो, कधी अर्धा शब्द येतो. मामा रोज दुपारी वाचतात, पण दहाच शब्द. परवा मी गेलो तेव्हा मामी अकरावा मागत होत्या, हाताने पुन्हा पुन्हा. मामांनी झाकण मिटलं. दारापर्यंत मला सोडायला आले तेव्हा मी म्हटलं, वाचायचा होता की आणखी एक, एवढं काय.

"किती उरलेत ते मी पाहिलेलं नाही," मामा म्हणाले. "तुम्हीही पाहू नका."