केदारखेड्याचा समुद्र

भोकरदनला आमच्या कॉलेजसमोर एक झेरॉक्सवाले काका होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सेमिस्टर संपत आलं की सगळं कॉलेज त्यांच्याच दारात, कारण विद्यार्थी मार्गदर्शन कक्षाला नेमकं तेव्हाच कुलूप असायचं.

पर्यावरणाचा प्रकल्प द्यायच्या शेवटच्या दिवशी मी चार वाजता तिथे पोचले. पाचला सर घरी जाणार होते. काका मात्र बोटाला थुंकी लावत, चष्म्यावरून एकेक पान वाचत बसले.

"काका, जल्दी करा ना! नुसतं बाइंडिंग पाहिजे."

"ताई, आपल्या केदारखेड्याला समुद्र कधी आल्ता?"

इंटरनेटवरून उतरवलेली भरती-ओहोटी माझ्या गावाच्या नावाखाली तशीच राहिली होती. माझे कान तापले. काकांनी कोरे कागद पुढे सरकवले. तिथल्याच स्टुलावर बसून मी आमच्या विहिरींबद्दल माहीत होतं तेवढं लिहिलं.

"सगळ्यांचंच वाचता का तुम्ही?"

"बांधायच्या आधी वाचतो," ते म्हणाले. "नंतर कोनी उघडत न्हाई."

मी धावत कॉलेजात गेले. सरांनी मुखपृष्ठावर सही केली, प्रकल्प ढिगावर ठेवला आणि म्हणाले, "छान. अभ्यास दिसतोय."