मामीच्या मापाची गाडी

माझा मामा पेंटर. चित्रं काढणारा नव्हे. फाटकं, ग्रिल, कपाटं, गाड्यांच्या बॉड्या रंगवणारा. उघडं लोखंड दिसलं की त्याला चैन पडत नाही. गिऱ्हाइकाला फाटकाच्या दर्शनी बाजूशी मतलब. मामा बिजागरी खोलून तिच्या पोटातही ब्रश फिरवणार. "नजर जात नाही तिथूनच गंज शिरतो," हे तो जेवताना, चालताना आणि कुणी विचारलं नसतानाही सांगतो.

कामं कमी केल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये स्वतःच गाडी बांधायला घेतली. भंगारातली चासी, जुन्या व्हॅनचं इंजिन, मित्राने पत्रा ठोकून दिलेली टाकी. "साठी बुद्धी नाठी," असा माझ्या आईने आपल्या भावाचा निकाल लावून टाकला. पण ही गाडी मामीसाठी होती. मामीचे गुडघे गेलेत. तिची थोरली बहीण डोंगरापलीकडे एकटी राहते, आणि बसची उंच पायरी मामीला चढवत नाही. म्हणून गाडीचं दार रुंद, आणि सीटची उंची स्वयंपाकघरातल्या स्टुलाएवढी. त्या एकाच स्टुलावरून मामी हात न टेकता उठू शकते. मापासाठी मामाने ते स्टूलच शेडमध्ये पळवलं. तेवढे दिवस मामी उभ्याने भाजी चिरत होती आणि त्याचा उद्धार करत होती.

पहिल्याच फेरीत, ऐन चढावर, गाडी बंद पडली. पेट्रोलचा काटा टाकी भरलेली दाखवत होता आणि टाकीत ठणठणाट. मामी दुधाच्या ट्रकमधून, कॅनवर बसून परत आली. तिला उतरवायला दोघं लागले. गाडी मामाने मागाहून बाटलीभर पेट्रोल घालून आणली. उंबऱ्यात उभं राहून तिने बजावलं, "काटा खरं बोलायला लागेल तेव्हाच मी बसेन. तोवर माझ्यापुढे गाडीचं नाव काढायचं नाही."

मामा हात धुऊन काट्याच्या मागे लागला. मदतीला मी, म्हणजे स्टिअरिंगपुढे बसून काटा वाचायला. त्याने टाकीवरची वायर सोडवली.

"काय म्हणतोय?"

"भरलेली!"

वायरचं टोक इंजिनाला टेकवलं. काटा सरळ खाली.

"रिकामी!"

म्हणजे काटा ठीक, वायरही ठीक. मग टाकीतला फ्लोट, म्हणजे झाकणाला लटकलेला, पेट्रोलबरोबर वर-खाली होणारा गोळा, बाहेर काढून दोन वायरी जोडून तपासला. मामाने तो बोटाने हलवला तसा काटा अगदी शहाण्यासारखा फिरला. परत टाकीत बसवला, की पहिले पाढे पंचावन्न. भरलेली! मामाने नवा फ्लोट आणला. तपासला, चांगला निघाला, आणि बसवण्याआधी त्याच्या झाकणाला अर्थातच रंगाचे दोन हात दिले. तोही टाकीत गेल्यावर खोटं बोलायला लागला.

शेवटी कोपऱ्यावरचा वायरमन आला. त्याने टाकीभोवती एक चक्कर मारली आणि कपाळावर हात मारून हसत सुटला.

"पेंटर, करंट फ्लोटच्या झाकणातून टाकीत जाणार, टाकीतून चासीत. तुम्ही झाकण रंगवलंत, टाकी रंगवलीत, अहो, स्क्रू रंगवलेत! जाईल कुठून बिचारा? झाकणावर नखाएवढा रंग खरवडा, तिथून इंजिनापर्यंत एक वायर ओढा. झालं काम."

"दुसरं काही सांग," मामा म्हणाला.

"दुसरं काही नाहीच."

"मी आयुष्यात लोखंड उघडं टाकलेलं नाही."

नखाएवढ्या जागेसाठी हा माणूस तोंड फुगवून बसला. माझा तर संताप झाला. इतकं करून गाडी उभी, मामी घरात, आणि मधे काय, तर रंगाचा एक टवका!

दोन दिवसांनी थोरलीला ताप आल्याचा फोन आला. मामीने काहीच वाद घातला नाही. पिशवी भरली, भिंतीला हात लावला आणि बाहेरच्या पायऱ्या अंग तिरकं करून उतरायला लागली. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा.

"अहो, मी बसने जाते. जेवण झाकून ठेवलंय."

मामा बघत राहिला. तिसऱ्या पायरीवर ती थांबून श्वास घ्यायला लागली, तसा तो उठला आणि शेडमध्ये गेला. मीही मागोमाग. त्याने पत्ती घेतली आणि झाकण खरवडायला लागला. स्वतःचं कातडं सोलत असल्यासारखा चेहरा होता त्याचा. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? चकचकीत लोखंड दिसल्यावर त्याने वायर पक्की केली.

"बघ."

मी किल्ली फिरवली. काटा हलला आणि खाली, पार तळाशी जाऊन थांबला.

"रिकामी!" मी आनंदाने ओरडले. "मामा, जवळजवळ रिकामी!"

मामाने टाकीत काठी घालून पाहिली. टोक तेवढं ओलं झालं. काटा खरं बोलत होता.

मामी पिशवी घेऊन शेडच्या दारात उभी होती. तिने वाकून काटा नीट पाहिला. मग ते रुंद दार उघडलं आणि कशालाही न धरता सीटवर बसली.

"चला. आधी पंपावर घ्या."

मामा गाडीत बसला, पण त्याचं लक्ष मागे टाकीकडेच.

"तिथं गंज चढणार गं."

"चढू दे," मामी म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना चढलाय. मला टाकलंत का?"

मामाने गाडी सुरू केली.