झाकणावरचा हात

फोन आला तेव्हा मी जेवत होते, आणि तेही प्रार्थना न करता. बोईसरच्या इस्पितळातून नवरा एवढंच म्हणाला, "आई गेली." तोंडातला घास मी गिळला आणि मनात पहिला विचार काय आला? आता तरी भात गरम खायला मिळेल! लिहायला लाज वाटते, पण आला तो आला. माझ्या सासूबाईंना जाऊन आता पाच आठवडे होतील. सरावलीतल्या आमच्या घरी जो येतो तो "देवमाणूस होती" म्हणून डोळे पुसतो, चहा पितो आणि जातो. देवमाणूस म्हणे! त्या देवमाणसाबरोबर मी एकोणीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आहेत. मला विचारा.

मी त्यांना मामी म्हणायचे. मी केळव्याची, मच्छीमारांच्या घरातली, आणि हे लोक ख्रिस्ती. लग्न आमच्या दोघांच्या पसंतीचं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. पहिल्याच दिवशी कळलं की या घरात ताट वाढलं म्हणजे जेवायला मिळालं असं नाही. मामी भाताच्या टोपावरच्या झाकणावर उजवा हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि सुरू व्हायच्या. 'देवा, तुझे आभार' इतक्यावर भागायचं नाही. ताटातल्या एकेका जिनसाला कोणाकोणाचे हात लागले, ते नावानिशी. डोंगरापलीकडून तांदूळ आणून देणारी काळूबाय, तिच्या शेतात लावणी करणाऱ्या तिच्या सुना, गॅसची टाकी खांद्यावरून आणणारा रामअवध, मिठागरात उन्हात उभे राहणारे... आणि शेवटी नेहमीचं, "तुजं राज्य येऊ दे, देवा. राबणारा आदी जेवू दे." तोवर कालवण थंडगार. पहिली दोन वर्षं त्या यादीत मीही असायचे, "माज्या सुनेचे हात," आणि मासे पाठवणारी माझी आयसुद्धा असायची, "केळव्याची यमुनाबाय." खोटं कशाला बोलू, तेव्हा मला ते आवडायचं.

हे सगळं तोंडदेखलं होतं असं मात्र कोणी म्हणू नये. मामी तारापूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढायला होत्या. तिथे कायम कामगार आधी जेवायचे, टेबलांवर. ठेकेदाराची माणसं नंतर, उरलंसुरलं, शेडच्या मागे उकिडवी बसून. एक दिवस मामींनी हातातला डाव खाली ठेवला. म्हणाल्या, "सगले एका वक्ताला बसतील तवाच वाढीन." सुपरवायझर ओरडला, "पागल हो गई है क्या?" मामींनी झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले आणि शेडमागच्या एकेका मजुराचं नाव घेऊन देवाचे आभार मानायला लागल्या. थाळ्या घेऊन सगळी रांग उभी, पोटात कावळे, आणि ही बाई काही संपवायला तयार नाही! शेवटी झक मारत आणखी बाकं मांडली त्यांनी. पुढे महिन्याभरात मामींना कामावरून काढलं, पण बाकं तिथेच राहिली.

बाहेर अशी वाघीण. आणि घरात? माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला जेवण होतं. फादर आले होते, मामींचे वसईचे नातेवाईक आले होते. माझी आय पहाटेच्या बाजारातून निवडलेली पापलेटं घेऊन, पाटी डोक्यावर, तशीच केळव्याहून आली. दारात मामींनी तिला अडवलं. "यमुनाबाय, तू मागच्या पायरीवर बस गो. पावणे हायत, कपड्यांना वास मारतो." माझी आय मागच्या पायरीवर, मांडीवर ताट घेऊन जेवली. आत तिच्याच पापलेटांच्या कालवणापुढे मामींनी डोळे मिटले आणि फादरांदेखत देवाला न्यायाचं राज्य मागितलं! मी मागे गेले तर आय म्हणाली, "जाऊ दे गो पोरी, पोट भरलं माजं." त्यानंतर ती आमच्या घराची पायरी कधी चढली नाही. दोन वर्षांनी वारली. मामी मातीला आल्या, मागे उभ्या राहिल्या आणि एक शब्द न बोलता परत गेल्या.

त्या बाप्तिस्म्याच्या दिवसापासून यादीतून दोन नावं गेली. आयचं आणि माझं. सतरा वर्षं, दोन्ही वेळा मी कान देऊन ऐकलं. रामअवध यायचा, नळ सोडणारा यायचा, भात रांधणारी काही येत नव्हती. पालघरच्या कचेरीतून दमून यायचं, ओट्याशी उभं राहायचं, सगळ्यांना वाढून शेवटी जेवायचं, आणि वर हे! मग मीही सोडलं नाही. "मामी, आटपा आता, देवाला दुसरीही घरं आहेत," असं पाहुण्यांसमोर म्हणायचे. त्या डोळे उघडायच्या नाहीत. फक्त झाकणावरची बोटं जराशी हलायची.

त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी इस्पितळात पेज घेऊन गेले. डबा समोर ठेवल्यावर त्यांनी सवयीने झाकणावर हात ठेवला. हात कसला, नुसती हाडं. डोळे मात्र मिटले नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "थांब गो... आदी..." मला कचेरीत परतायचं होतं. "पुरे झालं, मामी, गार होतंय," म्हणत मी तो हात उचलून बाजूला केला आणि झाकण उघडलं. दोन चमचे घेतले त्यांनी. मग तोंड फिरवलं.

मामींच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, त्यांच्या कँटीनमधली मैत्रीण फिलोमिनाबाय आली, मग घरी चहाला. तिनेही 'देवमाणूस' सुरू केल्यावर माझा तोल गेला. म्हटलं, "तुमच्या देवमाणसाने सतरा वर्षं माझं नाव घेतलं नाही, माझ्या आयचंही नाही." तिने कप खाली ठेवला. "तुला म्हायत नाय? तिचा नेम होता तो. ज्याचा अपराध केला, त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे नाय. आदी माफी, मंग आभार. दर आयतवारी चर्चच्या दारात मला सांगायची, आज सुनेला बोलते. आन घरी जाऊन जीभ अडकायची तिची."

कोणाला वाटेल, मला रडू आलं असेल. मला संताप आला! म्हणजे ठाऊक होतं. त्या मागच्या पायरीची आठवण या बाईला रोज दोन वेळा होत होती. सुपरवायझरला नमवणारी बाई, आणि स्वयंपाकघरात सुनेपुढे दोन शब्द फुटेनात? माझी आय ते न ऐकताच गेली. यासाठी मी मामींना आजही माफ केलेलं नाही. आणि इस्पितळातलं ते "आदी"... ते प्रार्थनेसाठी होतं की माझ्यासाठी, ते कळायची सोय मीच ठेवली नाही.

गेल्या रविवारी जेवायला बसलो. कोणी ताटाला हात लावेना. मुलगी म्हणाली, "मम्मी, आता तू म्हण." मी झाकणावर हात ठेवला, चटका बसला. काळूबाय, तिच्या सुना, रामअवध, मीठवाले, सगळी नावं पाठच होती. मग मोठ्याने म्हटलं, "केळव्याची यमुनाबाय." या घरात सतरा वर्षांनी. पुढचं नाव मामींचं होतं. टोप त्यांचा, ही रीत त्यांची, नाव घ्यायलाच हवं होतं. आणि डोळ्यांपुढे आला तो डब्यावरचा हात, मी उचलून बाजूला केलेला. आदी माफी, मग आभार. "मामी, चुकलं माझं," एवढंच म्हणायचं होतं. जीभ हलेना.

"अगं, भात गार होतोय," नवरा म्हणाला.

"होऊ दे," मी म्हटलं. हात झाकणावरच होता.