घरी कोण असतं?

डॉक्टरांना आमच्या डॉक्टरांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या कॅनडात सापडायचा नाही. मी ब्रॉसार्डच्या एका क्लिनिकमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे. म्हणजे पेशंट मीच तपासते, औषधंही मीच लिहिते, पण केस गंभीर वाटली की करारानुसार या डॉक्टरांना विचारायचं. मूळचे साताऱ्याचे, सत्तरी ओलांडलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. खोली माझ्या शेजारचीच, तरी सल्ला फोनवर घ्यायचा हा त्यांचा हट्ट. समोर बसलं की माणूस गप्पा हाणतो म्हणे! त्यामुळे त्यांचा आवाज मला भिंतीतूनही यायचा आणि फोनमधूनही. मी केस सांगत असताना पलीकडे भुईमुगाच्या शेंगा फोडणं चालू. मग ठरलेले प्रश्न: जेवतो का, झोपतो का, घरी कोण असतं. घरी कोणी नसलं तर बजावायचे, एकट्याला पाठवू नका. मग मी कुणाची शेजारीण, कुणाचा भाचा शोधत बसायची आणि यांच्या नावानं खडे फोडायची.

स्वतःच्या तब्येतीचं नाव काढलं की मात्र विषय बदलायचे. गेल्या विंटरमध्ये पँट सैल झाली, तर क्लिनिकच्या कात्रीनं पट्ट्याला नवं भोक पाडलं आणि वर मलाच ऐकवलं, जिमला न जाता बारीक झालो बघा. पुढे आणखी एक भोक. चेकअप करा म्हणून मी कानीकपाळी ओरडले. डॉक्टरकडे गेलं की रोग निघतात, हे त्यांचं उत्तर. मग एका सकाळी पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ झाडताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. लख्ख ऊन होतं. त्यांचे डोळे पिवळे दिसले.

खोलीत जाऊन मी त्यांनाच फोन लावला. नाव न घेता केस सांगितली: सत्तरीपुढचा पुरुष, वजन उतरलंय, डोळे पिवळे, कुठे दुखतंय असं म्हणत नाही. शेंगांचा आवाज थांबला.

"जेवतो का?"

"डबा तसाच परत नेतो."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही, डॉक्टर."

शेंगांची पुडी गुंडाळून ठेवल्याचा आवाज भिंतीतून आला, फोनमधूनही. मग ते हळूच म्हणाले, "स्कॅनला आजच पाठवा. आणि बाई, एकट्याला पाठवू नका."

मी गेले सोबत. त्या दिवशी गेले आणि नंतरही प्रत्येक वेळी गेले. उन्हाळा काही त्यांना दिसला नाही.

आता करारावर नव्या डॉक्टरांची सही आहे. हुशार आहेत, कामापुरतं बोलतात. केस सांगून झाली की घरी कोण असतं ते मीच आपली न विचारता सांगते. याचा आजाराशी काय संबंध, असं त्यांनी परवा विचारलं. एकट्याला पाठवायचं नसतं, एवढंच म्हटलं आणि पेशंटच्या शेजारणीचा नंबर शोधायला लागले.