कोणापेक्षा वधारे

लग्न होऊन मी सांगलीकडून बडोद्याला आले तेव्हा मला गुजरातीतले तीन-चार शब्द येत होते आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. पहिला उपयोगाचा शब्द मला नवऱ्याने शिकवला. तो इथेच जन्मलेला, घरात चांगलं मराठी बोलणारा, पण वाक्यात मध्येच गुजराती शब्द पेरणारा. लग्नाचा पहिला महिना होता. दुपारी घरी कोणी नव्हतं. माझ्या अंगाकडे बघून तो म्हणाला, "इथे जरा वधारेच आहे, नाही?"

इथे म्हणजे मांड्यांच्या मध्ये. लघवीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बाईला त्वचेच्या ज्या घड्या असतात, त्यांच्याबद्दल तो बोलत होता. वधारेचा अर्थ मला माहीत नव्हता, आणि विचारायची तर सोयच नव्हती. दोन दिवसांनी भाजीवाल्याने मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकल्या आणि म्हणाला, "लो बेन, वधारे आप्या." तिथे, हातगाडीसमोर, पिशवी उघडी धरून उभी असताना मला अर्थ कळला. जास्त. हवं त्याहून जास्त.

समोर मी नवऱ्याला अहो म्हणते, तुम्ही म्हणते. कागदावर तो म्हणायची मोकळीक मी घेतली आहे, तेवढी तरी मला असावी.

त्यानंतर हा शब्द सगळीकडून यायला लागला. या गावात त्याच्याशिवाय कोणाचं पानही हलत नाही. सासूबाई वाढताना वधारे, दुधवाला वधारे, टायरमध्ये हवा वधारे. दिवसातून दहा वेळा कोणीतरी बोलायचं आणि दहा वेळा मी खाली मान घालायची. नवरा त्याबद्दल पुन्हा कधी एक अक्षर बोलला नाही. पण मी अंधार झाल्याशिवाय त्याच्याजवळ जाईनाशी झाले. गावातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेगळी वेळ होती, कपडे बदलायची खोली मात्र सगळ्या बायकांची एकच. दोन दिवस जाऊन ते सोडून दिलं. कारण विचारलं तेव्हा पाण्याने सर्दी होते असं सांगितलं.

मी मकरपुऱ्याला एका इंजिनिअरिंग कारखान्यात ट्रेसर होते. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं. बाहेरच्या देशांतल्या ऑर्डरी यायला लागल्या तशी कामं वाढली, शनिवारची अर्धी सुट्टी गेली, आणि कोपऱ्यात दोन कॉम्प्युटर येऊन बसले. सगळे म्हणायचे, आता हेच ड्रॉइंग काढणार. मला त्याची भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मी इतकी थकलेली असायचे की भीतीसाठीसुद्धा अंगात त्राण उरायचं नाही. दांडिया बाजारातल्या घरून मोपेडवर तासभर धूळ खात जायचं, दिवसभर उंच स्टुलावर बसायचं, परत यायचं. मे महिन्यात घामाने ती जागा सोलून निघायची. नायलॉनची चड्डी, सिंथेटिक सलवार, वर मोपेडची कडक सीट. घरी येऊन टाल्कम पावडर लावायची आणि मनात म्हणायचं, वधारे आहे म्हणून घासतंय. दोन दुखणी होती, एक कातडीचं आणि एक शब्दाचं, आणि मी त्यांची एकच गाठ मारून ठेवली होती.

मग एका सकाळी वर्तमानपत्रातून एक रंगीत पत्रक पडलं. अलकापुरीतल्या एका दवाखान्यात नाक, होठ, पोट, "बायकांच्या सर्व समस्या", काय म्हणाल ते ऑपरेशनने नीट करून मिळत होतं. हिवाळ्यात परदेशातून येणाऱ्या बायका तिथे रांग लावतात असं आमच्या ऑफिसात बोलायचे. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं.

मला वाटलं, निदान त्या जागेला म्हणतात तरी काय ते बघावं. माझ्या आईने तिला "ती जागा" म्हटलं, सासूबाईंनी "खालचं", आणि त्यापुढे कोणी काही म्हटलं नाही. लायब्ररीत जाऊन जाडा शब्दकोश काढला. भगोष्ठ. ओष्ठ म्हणजे ओठ. एवढं संस्कृत शाळेत झालेलं होतं. मला बरं वाटलं, कारण ओठ हा शब्द तोंडातून काढता येतो.

तिथेच मी घोळ घातला. फोन करून स्वागतकक्षातल्या मुलीला शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं, "होठ नाना कराववा छे." ओठ लहान करून घ्यायचे आहेत. तिने लगेच वेळ दिली. मीही मनात म्हटलं, बघा, किती सोपं होतं.

डॉक्टर साठीच्या घरातल्या बाई होत्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, टॉर्च लावला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. हनुवटी धरून डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"होठ तो सरस छे, बेन. शुं करवुं छे?"

ओठ तर छान आहेत, म्हणे. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अंगातलं सगळं बळ एकवटून मी म्हणाले, "ऊपरना नहीं. नीचेना."

त्या हसल्या नाहीत. टॉर्च बंद केला, आयाला हाक मारून पडद्याआड उभं केलं आणि दाराला आतून कडी लावली. मग विचारलं की तपासू का. तपासताना काय करतेय ते एकेक सांगत होत्या. मग माझ्या हातात एक आरसा दिला. चौतीस वर्षांच्या आयुष्यात मी ते पहिल्यांदा पाहत होते. अकरा वर्षं जिच्यावर रागावले ती गोष्ट मी पाहिलेलीच नव्हती. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी, रंग गडद. बस, एवढंच.

"तकलीफ शुं छे?" त्यांनी विचारलं.

"वधारे छे."

"वधारे? कोनाथी वधारे?"

कोणापेक्षा. मला एकदम कारखाना आठवला.

कारखान्यात क्वालिटीवाले पार्ट नापास करायचे तेव्हा लाल कागदाची रिजेक्शन स्लिप लावायचे. त्या स्लिपवर ड्रॉइंग नंबर लिहिल्याशिवाय आमचे साहेब तिला हात लावत नसत. मोठा आहे म्हणतोस, मग कोणत्या ड्रॉइंगपेक्षा मोठा? आणि टॉलरन्स किती दिलाय? प्रत्येक मापापुढे अधिक-उणे असतंच, कारण हातातून दोन पार्ट एकसारखे कधी निघत नाहीत. ते अधिक-उणे अकरा वर्षं मीच शाईने काढत होते.

डॉक्टर पुढे जे बोलल्या ते गुजरातीत बोलल्या, मला आठवतं तसं मराठीत लिहिते. या जागेचं कुठलंही ठरलेलं माप नाही. नख लपेल एवढ्यापासून दोन बोटं रुंदीपर्यंत, सगळं मी पाहिलंय आणि सगळं नीट आहे. दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई क्वचित. वयाने, बाळंतपणाने फरक पडतो, त्यामुळे मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या. ऑपरेशन मी करते, चांगलं करते, ज्यांना खरंच चालता-बसता येत नाही त्यांना त्याने सुख मिळतं. पण ऐकून घ्या. आठ-पंधरा दिवस कामावर जाता येणार नाही, दीड महिना मोपेड नाही, नवऱ्याजवळ जाणं नाही. सूज उतरायला महिने लागतात. रक्त जाऊ शकतं, पू होऊ शकतो, टाक्याची जागा पुढे टोचू शकते, दोन बाजू पुन्हा वेगळ्याच होऊ शकतात. आणि तिथली संवेदना कमी झाली तर ती परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. कापलेलं पुन्हा लावता येत नाही.

सोललेलं त्यांनी तपासताना पाहिलंच होतं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "घासतंय म्हणून आलात की कोणी बोललं म्हणून?"

मी म्हटलं, दोन्ही.

"घासण्यावर आधी साधे उपाय करू. पातळ सुती कपडे, साधं मलम, त्या जागी साबण नाही, पावडर बंद, सीटवर जाड गादी. तीन महिने. त्यानंतर तुम्हाला हवं असेल तर मी करीन. बोलण्यावर मात्र माझी कात्री चालत नाही."

पत्रकावर एवढं सगळं लिहिलेलं नव्हतं. पत्रक छापणारे वेगळे आणि या बाई वेगळ्या असाव्यात, किंवा त्या आता या सगळ्याला कंटाळल्या असाव्यात. मला त्या फार आवडल्या.

तीन महिने त्यांनी सांगितलं तसं मी केलं. घासणं पूर्ण थांबलं नाही, पण सोलून निघणं थांबलं. एवढी साधी गोष्ट होती, याचा मला आनंद कमी आणि संताप जास्त आला. मग दुसरं दुखणं उरलं. एका रविवारी सकाळी नवरा गच्चीवर कूलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढत होता. मी त्याला पाण्याची बादली नेऊन दिली आणि तिथेच उभी राहिले.

"अहो, लग्न झालं तेव्हा तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, वधारे आहे. आठवतं?"

तो गोंधळला. मी जागा सांगितली, दुपार सांगितली, चादरीचा रंगही सांगितला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"कोणापेक्षा वधारे?" मी विचारलं.

त्याच्या हातातल्या गवतातून पाणी गळत होतं. "अगं, मी तरी दुसरं कुठे पाहिलं होतं? मला काय माहीत, कसं असतं?"

"मग म्हणालात कशाला?"

"घाबरलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो." त्याने गवत खाली टाकलं. "तू हे अजून धरून बसलीस?"

मला वाटलं होतं मी भांडेन. एकदम खूप दमल्यासारखं झालं आणि मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून रडले. तो ओले हात शर्टाला पुसत शेजारी येऊन बसला. मी त्याला हात लावू दिला नाही. त्या लाल स्लिपवर नंबर नव्हता, कधीच नव्हता, आणि मी ती अकरा वर्षं अंगाला चिकटवून फिरत होते.

सोमवारी कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या बूथवरून दवाखान्यात फोन केला. त्या मुलीने मला आवाजावरून ओळखलं.

"होठवाळा बेन ने? तारीख आपुं?"

"ना. नथी कराववुं." नाही करून घ्यायचं.

"केम, सारुं थई गयुं?" तिने विचारलं. बरं झालं का?

"पहेलेथीज सारुं हतुं," मी म्हणाले. पहिल्यापासूनच बरं होतं. फोन ठेवला तरी मी बूथमधून बाहेर आले नाही. मागे रांग लागली होती, लोक काचेवर टकटक करत होते. अकरा वर्षं फार असतात.